सातव्या सोंडेचं खिंडार

मुकादमाला फट म्हणून सहन होत नसे. दाराखालची फट, कपाटातल्या दोन डब्यांमधली फट, पाहुण्यांच्या गप्पांत पडलेली फट, कुठलीही असो, ती दिसली की त्याचे हात शिवशिवायला लागत. पाहुणे क्षणभर गप्प बसले तर हा हवापाण्याचं काहीतरी बोलून टाकी आणि मग सुटल्यासारखा श्वास घेई. बायको म्हणायची, "अहो, मी जांभई दिली तरी तुम्ही तोंडात काहीतरी कोंबाल."

यात त्याचा फारसा दोष नव्हता. एकतीस वर्षं तो त्याचाच पगार घेत होता.

गावाच्या अंगाने वाहणारी नदी एके काळी मनाला येईल तशी वळणं घेत जायची. मग मालाच्या बोटी आल्या. बोटींना मध्ये खोल पाणी हवं होतं, म्हणून नदीला नाकासमोर चालायला लावलं. दोन्ही काठ दगडांनी बांधून काढले आणि काठापासून मधल्या धारेकडे आडवे दगडी बांध घातले, प्रत्येकी चाळीस पावलं लांब आणि टोकाला निमुळते. लोक त्यांना सोंडा म्हणत. या सोंडा दोन्ही बाजूंनी पाणी मध्ये ढकलत, त्यामुळे मध्ये खोली राही. पुढे माल ट्रकने जायला लागला. बोटी बंद झाल्या, पण सोंडांना ते कोणी कळवलं नाही. त्या आपल्या ढकलतच राहिल्या. दोन सोंडांच्या मधल्या जागेत पाणी निपचित पडून राही, तिथे चिखल साचला, त्या चिखलाखाली खडी दबली, आणि खडीत अंडी घालणारे मासे कधी दिसेनासे झाले हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मुकादमाची हद्द म्हणजे डाव्या काठाच्या चौदा सोंडा. हाताखाली चार माणसं. खात्याचा नियम एका ओळीचा होता: खिंडार दिसलं की आठवड्याच्या आत बुजवायचं. मुकादम दोन दिवसांत बुजवायचा. रोज सकाळी खांद्यावर पहार टाकून तो सोंडेवरून चालत जाई आणि दर दोन पावलांवर दगडाला पहार टेकवी. दगड ठणठणीत वाजला तर पुढे. भद्द आवाज आला तर आतली भर वाहून गेली असं समजायचं आणि तिथे खडूने फुली मारायची. एकतीस वर्षांत त्याच्या हद्दीत काठ हातभरही ढळला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःहून कोणाला सांगत नसे, पण समोरच्याने विषय काढावा म्हणून पाऊण तास वाट बघत असे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा मुलीला पहिलं बाळ झालं. मुकादमाने उभ्या नोकरीत घेतली नव्हती एवढी रजा एकदम घेतली आणि महिनाभर दोघं नवराबायको मुलीकडे जाऊन राहिले. नातवाला मांडीवर घेऊन त्याने जावयाच्या घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या फटी पाहून ठेवल्या आणि तिसऱ्या आठवड्यात त्या बुजवल्याही. जावई चांगल्या घरचा, काही बोलला नाही.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी तो हद्दीवर गेला आणि सातव्या सोंडेपाशी त्याचे पाय जागीच थबकले. सोंडेला काठाच्या अगदी लगत एक भलंमोठं खिंडार पडलं होतं. सहा पावलं रुंद! त्यातून पाणी खळाळत आत शिरत होतं आणि सोंडेच्या मागून, काठाला घासून, पुढे जात होतं.

"महिनाभर पाठ काय फिरली, वाट लावलीत," तो माणसांवर ओरडला.

चौघांतल्या सगळ्यात उंच माणसाला सगळे लंबू म्हणत. तो घाबरत म्हणाला, "मुकादम, आम्हाला महिनाभर वरच्या पुलाच्या कामावर पाठवलं होतं. आणि हे बघा ना, कडा कशा सरळ आहेत. मशीनने कापल्यासारख्या."

"पाणी कसं कापतं ते तू मला शिकव. माझे केस काय उन्हात पांढरे झालेत?"

पाचही जण कामाला लागले. खाली मोठे दगड, वर मधले, सांध्यात चिपा. मुकादमाने स्वतः पाण्यात उतरून पाया लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा दगड बसला तेव्हा सोंडेच्या मागचं पाणी थांबलं होतं आणि बुजवलेली जागा कुठली हे दाखवून द्यावं लागलं असतं. इतकं सुबक काम आपण कधी केलं नव्हतं असं मुकादमाला वाटलं, आणि ते खरंच होतं. त्याने ऑफिसात जाऊन मोठ्या साहेबांच्या टेबलावर तसं लिहून ठेवलं.

पाचव्या दिवशी इंजिनिअर बाई आली. नदीच्या कामासाठी खात्याने नव्याने घेतलेली, तिशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणारी आणि हळू आवाजात बोलणारी बाई. तिने वर्षभर ऑफिसचे उंबरे झिजवून एकाच सोंडेची परवानगी मिळवली होती. दोन वर्षांसाठी, सातव्या सोंडेची. सोंडेला वाट करून द्यायची, मागच्या निपचित पाण्याला वाहतं करायचं, चिखल धुऊन खडी उघडी पडते का आणि मासे येतात का ते बघायचं. मशीन तिनेच आणलं होतं. तसं पत्रही तिने मुकादमाच्या नावाने दिलं होतं. ते त्याच्या टेबलावर, त्याच्या रजेच्या अर्जाखाली, न उघडलेलं पडून होतं.

मुकादम हौसेने तिला दाखवायला घेऊन गेला. "बघा मॅडम. दोन दिवसांत. खिंडार होतं म्हणून सांगूनही खरं वाटणार नाही."

ती तशीच सोंडेच्या मागे उतरली. तिथे आता टाचभर पाण्याचं डबकं उरलं होतं आणि कडेची खडी वाळत चालली होती. ती खाली बसली, एक दगड उचलून घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरला. दगडाला मोहरीएवढे पांढुरके दाणे चिकटलेले होते.

"अंडी आहेत," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात पिवळी होती, पारदर्शक. गेल्या चाळीस वर्षांत या नदीत कोणाला सापडली नव्हती."

मुकादमाने दगडाकडे पाहिलं, मग खिंडाराच्या जागेकडे पाहिलं, आणि सगळं त्याच्या लक्षात आलं. त्याला वाटलं, हिने आता ओरडावं. चारचौघांत पाणउतारा करावा. पण ती एवढंच म्हणाली, "चूक माझी आहे. पत्र पाठवून मोकळी झाले. तुम्हाला भेटून सांगायला हवं होतं."

त्या रात्री त्याने भरलं ताट सरकवून ठेवलं. बायको घरीच शिवणकाम करायची. खिडकीजवळ मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लोकांचे कपडे, आणि जमिनीवर चिंध्यांचं गाठोडं. तिने त्याचं ताट तसंच झाकून ठेवलं.

"तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. माफी तरी मागता आली असती."

मोठ्या साहेबांनी निकाल दिला तो असा. पहिलं वर्ष वाया गेलं ते गेलं. उरलेल्या एका वर्षात मासे अंडी घालताना दिसले तर पुढच्या सोंडांचा विचार करू. नाही दिसले, किंवा काठ वरच्या पायवाटेपर्यंत ढळला, तर सोंड पूर्ववत बांधायची आणि विषय कायमचा बंद. ते वर्ष मुकादमाच्या नोकरीचंही शेवटचं होतं. म्हणजे त्याच्या हातून जे बिघडलं ते सावरायला त्याच्याकडे एकच उन्हाळा होता. ते सावरता आलं नाही तर एकतीस वर्षांच्या चोख कामाच्या शेवटी मागे राहणार होता तो पांढऱ्या दाण्यांचा दगड. हे त्याला कोणी बोलून दाखवलं नाही. त्याचं त्यालाच कळत होतं आणि आतून मन खात होतं.

इंजिनिअर बाईने पुन्हा त्याच जागी मशीन लावायचं ठरवलं होतं. मुकादमाला ते पटत नव्हतं, पण कोणत्या तोंडाने सांगणार? असे दोन महिने गेले. एक दिवस तो घरी बसून बायकोचं काम बघत होता. कोणाचा तरी जुना कोट आला होता, आखूड करायला. नव्याने कामाला येणारी शेजारची मुलगी तो कात्रीने मधूनच कापायला निघाली, तशी बायको कडाडली, "अगं, थांब! कापतेस काय? आधी उसवायचा. आणि उसवायचा तर जिथे पुन्हापुन्हा टाके घातलेत तिथून. कापड तिथेच ओढ खात असतं."

मुकादम ताडकन उठला आणि चपला घालून बाहेर पडला. "अहो, चहा!" बायको ओरडली, पण तो कोपऱ्यावर पोचलासुद्धा होता.

ऑफिसात इंजिनिअर बाई नकाशावर वाकून बसली होती. मुकादमाने खुर्ची ओढून घेतली नाही, उभ्यानेच बोलला.

"मॅडम, काठाला लागून खिंडार पाडू नका. तिथे पाणी काठालाच धडका देतं, खडी ठरत नाही. अठरा पावलांवर उघडा."

"अठराच का?"

"सातव्या सोंडेचे दगड दर दोन-तीन वर्षांनी जायचे. दरवेळी तिथूनच. बाकी सोंड धड, आणि तेवढी जागा भद्द. मी अकरा वेळा बुजवली ती. मला वाटायचं माझंच काम कुठेतरी कच्चं राहतंय. ते काम कच्चं नव्हतं मॅडम. नदीला तिथूनच जायचं होतं."

तिने नकाशा त्याच्या बाजूला फिरवला. "बाकीच्या सोंडांचं पण माहीत आहे?"

"चौदाच्या चौदा," मुकादम म्हणाला. तेव्हा कुठे तो खुर्चीवर बसला. त्या दुपारी चौदा सोंडांवर चौदा लाल खुणा झाल्या, आणि काही ठिकाणी तो इतक्या जुन्या दुरुस्त्या सांगत होता की बाईने पेन्सिल ठेवून नुसतं ऐकायला सुरुवात केली.

मशीन पाया हलवतं, म्हणून सोंड हातानेच उघडायची ठरली. इथे खरी गंमत झाली. ज्या चार माणसांनी जन्मभर दगड बसवले त्यांना दगड काढता येईनात. एक दगड पहारीने सैल करायचा आणि शेजारचा डुगडुगला की नकळत चीप मारून तो घट्ट करायचा, असं सगळ्यांचं चाललं होतं. दुपारी टेप लावली तर खिंडार सकाळपेक्षा वीतभर लहान!

"कोणी भरलं रे हे?" मुकादमाने विचारलं. सगळे लंबूकडे बघायला लागले. लंबू म्हणाला, "मी दोनच बसवले. बाकीचे तुम्ही बसवलेत, मुकादम. शिट्टी वाजवत." जित्याची खोड ती, अशी थोडीच जाते. मुकादम स्वतःशीच हसला आणि त्याने नवा नियम केला: चिपांची टोपली काठावरच राहील, सोंडेवर आणायची नाही. मग काम पुढे सरकलं.

काढलेले दगड त्यांनी वाया घालवले नाहीत. पायवाटेच्या खाली जमिनीत आडवे पुरून ठेवले, म्हणजे काठ ढळत ढळत तिथवर आलाच तर अडेल. त्याच्या पुढचा चाळीस पावलांचा दगडी काठ मात्र मोकळा केला आणि नुसता मातीचा उतार ठेवला. आठव्या दिवशी अठरा पावलांवर पाण्याची जीभ सोंडेतून आत आली. आधी गढूळ, मग जरा कमी गढूळ. पाचही जण बघत उभे राहिले आणि कोणाला काय बोलावं ते सुचेना. विशेष म्हणजे मुकादमालाही सुचलं नाही.

पाणी चढायचे दिवस आले. तीन दिवसांत नदी सोंडांच्या माथ्याला टेकली. चौथ्या दिवशी सकाळी मुकादम पोचला तेव्हा मातीच्या उताराचा हातभर तुकडा गेला होता. दहापर्यंत तीन हात. पायवाटेपर्यंत आठ हात उरले होते. दर थोड्या वेळाने मातीचं ढेकूळ सुटायचं, धप्पकन पाण्यात पडायचं, आणि मुकादम पायवाटेपर्यंतचे हात पुन्हा मोजायचा. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हद्दीत काठ ढळत होता आणि तो बघत उभा होता.

लंबू न सांगताच दगडांनी भरलेली हातगाडी घेऊन आला. "मुकादम, टाकू का?"

मुकादमाने इंजिनिअर बाईला फोन लावला. ती पलीकडच्या काठावर अडकली होती, पूल बंद होता. "मला इथून दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिथे आहात. तुम्ही ठरवा, काका." ती त्याला नेहमी मुकादम म्हणायची. आज पहिल्यांदाच काका म्हणाली आणि त्याच्यावरचं ओझं आणखीनच वाढलं.

तो कंबरेला दोर बांधून उताराच्या कडेला गेला. लंबूने दोर धरला. मुकादमाने पहार पाण्यात, काठाच्या पायथ्याशी घातली. तिथे मऊ लागलं असतं तर पाणी खालून खात होतं आणि मग दगड टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहार खळ्ळकन वाजली. त्याने दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा घातली. पुन्हा खळ्ळ. खडी होती. नदी वरून माती नेत होती आणि पायथ्याशी स्वतःच खडी आणून टाकत होती. म्हणजे ती थांबणार होती. थांबणार असं त्याला वाटत होतं. खात्री कोणाला असते?

"गाडी मागे ने," तो लंबूला म्हणाला.

"नक्की?"

"आधी ने, नंतर विचार."

दुपारी बायको चहाचा थर्मास घेऊन आली. मुकादम हाताची घडी घालून उभा होता. तिने कप पुढे केला तर त्याला घडी सोडवेना. "हात मोकळे केले तर दगड उचलतील," तो म्हणाला. मग तिनेच कप त्याच्या तोंडाला लावला. तो दिवसभर काहीही न करता उभा राहिला आणि घरी आल्यावर त्याचं अंग जेवढं दुखलं तेवढं दहा गाड्या दगड वाहूनही कधी दुखलं नव्हतं.

काठ पाच हात ढळला आणि थांबला. पायवाट सहा हातांवर तशीच होती, पुरलेले दगड पुरलेलेच राहिले. पाणी उतरल्यावर सोंडेच्या मागे लांबलचक, स्वच्छ खडीचा पट्टा उघडा पडला. मुकादमाने नियमाप्रमाणे अहवाल लिहिला: काठ पाच हात ढळला, बुजवलेला नाही. तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवताना त्याला थोडं लाजल्यासारखं झालं आणि बरंच बरंही वाटलं.

पण मासे येणं न येणं त्याच्या हातात नव्हतं. पाणी निवळलं, ऊन वाढलं, एकेक आठवडा चालला. इंजिनिअर बाई रोज सकाळी बुडाला काच लावलेली बादली घेऊन यायची, ती पाण्यावर टेकवून खाली बघायची आणि मान हलवायची. मुकादम काठावरून विचारायचा नाही. नुसता तिच्या मानेकडे बघायचा. निवृत्तीला बारा दिवस उरले. मग नऊ. मग सहा.

त्या दिवशी तिने मान हलवली नाही. बराच वेळ वाकून राहिली, मग वर न बघताच हाताने त्याला बोलावलं. मुकादम पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून, एकेक पाऊल चाचपत, पाण्यातून गेला. तिने बादली त्याच्याकडे दिली.

काचेतून खडी हाताशी असल्यासारखी दिसत होती. दगडांच्या बेचक्यांत पिवळे, नितळ दाणे होते. शेकड्यांनी. त्याने आणखी वाकून बघितलं. प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके होते, आणि ते ठिपके हलत होते.

"हे काळं काय?" त्याने कुजबुजत विचारलं.

"डोळे. दोन-तीन दिवसांत बाहेर येतील."

मुकादम म्हणाला, "मग मागच्या वर्षीचं फिटलं म्हणायचं, मॅडम?"

तिने खोटं सांगितलं नाही. "नाही, काका. ती गेली ती गेलीच. ही नवीन आहेत."

त्याने मान डोलवली. ते त्यालाही ठाऊक होतं. तरी विचारलं होतं. बादलीवर वाकलेला तो तसाच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि इतका आनंद त्याला नातू पहिल्यांदा मांडीवर घेतला त्यानंतर आजच झाला होता.

तिथून तो घरी गेला, भर कामाच्या वेळेत. बायको मशीनवर होती. ओल्या पायांनी दारात उभा राहून तो म्हणाला, "अंड्यांत डोळे दिसतायत गं."

ती सुई कापडात तशीच ठेवून उठली. दोघं भरभर चालत नदीवर आली. पायवाट संपून उतार सुरू झाला तिथे त्याने तिला दंडाला धरून थांबवलं आणि चपला काढायला लावल्या. पायांचा आवाज नको म्हणून.